राख, रिठे आणि मळी

नरकचतुर्दशीच्या पहाटे बंबाचा धूर न्हाणीघरात कोंडलेला असे, तेलाने माखलेली मुले पाटावर कुडकुडत बसलेली असत आणि आजी वाटीतली शिकेकाई कालवीत असे. धारवाड-हुबळीकडच्या जुन्या मराठी घरांतून वाढलेल्या कोणालाही हे चित्र नव्याने सांगण्याची गरज नाही. ती वाटी आपण परंपरेने आलेली, म्हणून 'आपली' मानतो. परंतु तिच्यातल्या शब्दाकडे थोडे थांबून पाहिले तर त्याचा उगम वेगळ्याच अंगणात सापडतो. 'शिकेकाई' हा शब्द मुळात द्राविडी आहे. सीगे हे त्या काटेरी वेलीचे नाव आणि कायी म्हणजे कच्चे फळ किंवा शेंग. शेजारची कन्नड बाई आजही 'सीगिकाई' म्हणते. तेव्हा पेशवाईत कोणी पटवर्धनांच्या फौजेबरोबर, कोणी कारकुनीसाठी, कोणी १८८२ नंतर सदर्न मराठा रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे येऊन स्थिरावले, त्यांच्या न्हाणीघरात या मातीचा शब्द आधीच येऊन बसलेला होता.

घराघरांतल्या या फेसाचा इतिहास क्वचितच कोणी लिहिला. राज्ये, तह आणि लढाया यांच्या नोंदी झाल्या. माणसाने आपले अंग, वस्त्र आणि भांडे कशाने स्वच्छ केले याची नोंद बायकांच्या हातांत राहिली आणि हातांबरोबरच विरून गेली. आज तो इतिहास आठवण्याचे एक निमित्त आहे. गेली काही दशके प्रयोगशाळांतून शेतातला आणि कारखान्यातला वनस्पतिजन्य टाकाऊ माल जिवाणूंना खाऊ घालून त्यांच्याकडून मळ काढणारे, फेस देणारे पदार्थ करून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. हे काम अगदी नवे दिसते. मात्र त्यामागची दृष्टी किती जुनी आहे आणि त्यात खरोखर नवे काय आहे, हे नीट वेगळे करून पाहिले पाहिजे.

प्रथम मळ निघतो कसा ते पाहू. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, आणि अंगावरचा वा कपड्यावरचा मळ बहुधा तेलकटच असतो. अशा वेळी एक मध्यस्थ लागतो. ज्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि दुसरे तेलाकडे, असा पदार्थ पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, तेलाच्या कणाला चहूकडून वेढतो आणि त्याला पाण्याबरोबर वाहून नेतो. शास्त्रज्ञ अशा पदार्थांना सर्फॅक्टंट म्हणतात. साबण हा त्यांतला सर्वांच्या परिचयाचा. रिठ्याच्या गरात आणि शिकेकाईच्या शेंगेत हे काम सॅपोनिन नावाची द्रव्ये करतात. 'सापो' हा लॅटिन शब्द साबणाचा वाचक. त्यावरून सॅपोनिन झाले आणि त्याच गोतातल्या अरबी 'साबून'शी आपल्या 'साबणा'चे नाते आहे. आपल्याकडे मात्र फेसाची ओळख साबणाच्या कितीतरी आधीची. अमरकोशात रिठ्याची दोन नावे शेजारी शेजारी येतात, 'अरिष्ट' आणि 'फेनिल'. पहिल्यातून आपला रिठा आला. दुसऱ्याचा अर्थच फेसाळ.

रिठ्याची फळे कुटून, बी काढून, रात्रभर भिजत घातली की सकाळी त्या पाण्यात इरकली लुगडी, गुळेदगुड्डचे खण, रेशमी उपरणी अलगद धुतली जात. सोनारही दागिने उजळायला तेच पाणी वापरीत. रेशमाला खाराचे पाणी सोसत नाही आणि रिठ्याचे पाणी तसे तीव्र नसते, हे त्यांना पुस्तक न वाचता ठाऊक होते. तितकेच ठाऊक होते की तेच पाणी डोळ्यांत गेले तर आग होते. सॅपोनिनांच्या याच गुणामुळे रिठ्याचा उपयोग डोहातले मासे गुंगवून पकडण्यासाठीही अनेक ठिकाणी होत असे. वनस्पतीतून आले म्हणून ते निरुपद्रवी, असा भाबडा समज जुन्या लोकांचा नव्हता.

रेशमासाठी रिठा, केसांसाठी शिकेकाई आणि रोजच्या जाड्याभरड्या कपड्यांसाठी राख व खार, अशी ती वाटणी होती. परीट भट्टी लावीत असे, म्हणजे खाराच्या पाण्यात बुचकळलेले कपडे वाफेवर शिजवीत असे. लाकडाच्या, केळीच्या खुंटाच्या किंवा शेणीच्या राखेत जे क्षार उरतात, ते पाण्यात उतरून मळातल्या स्निग्धांशाशी संयोग पावतात आणि तिथल्या तिथे थोडा साबणच तयार होतो. भांडी घासायला चुलीतली राख आणि नारळाची शेंडी, अंग चोळायला डाळीचे पीठ, डोक्याला शिकेकाईबरोबर कधी उरलेले ताक. या यादीत विकत आणलेली वस्तू जवळजवळ नाही. चूल जळून उरलेली राख, नारळ सोलून उरलेली शेंडी, लोणी काढून उरलेले ताक हे सारे एका कामातून उरलेले आणि दुसऱ्या कामाला लागलेले. 'कचरा' हा शब्द त्या घरात होता, पण त्याचा अर्थ फार आकुंचित होता.

साबणाच्या वडीने ही व्यवस्था मोडली, आणि ती एकदम मोडली नाही. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. विलायती साबण आगगाडीने गावोगाव पोहोचला. हुबळी तर रेल्वेचे मोठे जंक्शनच होते. तरी सोवळ्याच्या घरांत त्याला उंबरा ओलांडायला वेळ लागला, कारण साबणात जनावरांची चरबी असते हे लोकांना कळले होते. ही अडचण ओळखून मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास वनस्पतिजन्य तेलांपासून साबण काढला. त्याच सुमारास दक्षिणेत म्हैसूर संस्थानात दुसरा प्रयोग झाला. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची परदेशी रवानगी थांबली आणि लाकूड पडून राहिले. तेव्हा नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांच्या कारकिर्दीत, दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने, १९१६ मध्ये चंदनतेलाचा कारखाना निघाला आणि त्यामागोमाग सोसले गरळपुरी शास्त्री यांच्या देखरेखीखाली म्हैसूर सँडल साबण तयार होऊ लागला. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. मुंबईचा साबण स्वराज्यातला आणि म्हैसूरचा परसंस्थानचा, अशी राजकीय रेघ नकाशावर होती. न्हाणीघरात ती कोणी पाळली असेल असे वाटत नाही.

दुसरे वळण अधिक खोलवरचे होते. १९४६ मध्ये अमेरिकेत टाइड ही कृत्रिम धुण्याची पूड बाजारात आली. भारतात १९५९ मध्ये सर्फ आली आणि १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी निरमा सुरू करून ती पूड गरिबाच्या मोरीपर्यंत नेली. साबणाचा कच्चा माल निदान तेलबियांतून तरी येत असे. या पुडीचा मुख्य अंश खनिज तेलापासून येऊ लागला. फेस विपुल, किंमत कमी, हातांना श्रम कमी. घरातल्या बायकांचा जो वेळ आणि जी पाठ त्या पुडीने वाचवली, ती विसरून जुन्याचे गोडवे गाणे अन्यायाचे होईल. रिठे फोडणे, शिकेकाई कुटणे, भट्टी लावणे यांत कोणाचे तरी अंग झिजत होते.

पण त्या फेसाची किंमत पुढे पाण्याने मोजली. सुरुवातीच्या कृत्रिम डिटर्जंटांचे रेणू फांद्याफांद्यांचे होते आणि मातीतल्या, पाण्यातल्या जिवाणूंना ते पचत नव्हते. युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग तरंगू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये त्यावर कायदा केला आणि पुढे सरळ साखळीचे, जिवाणूंना पचणारे रेणू वापरात आले. म्हणजे धुण्याच्या पुडीचे रसायन कसे असावे याचा निर्णय अखेर जिवाणूंच्या पचनशक्तीनेच घेतला. आपल्या राज्यात २०१५ मध्ये बंगळूरच्या बेळ्ळंदूर तलावातला फेस वाऱ्याने रस्त्यावर येऊन वाहनांवर पसरला, तेव्हा हा प्रश्न संपलेला नाही हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. मैलापाणी शुद्ध न करताच सोडले तर पचणारा रेणूही पचायला अवधी मिळत नाही.

आता या कथेत जिवाणू प्रत्यक्ष कामगार म्हणून कसा आला ते पाहू. वाळक्या गवताचा काढा करून ठेवला तर त्यात एक दंडाकार जिवाणू हमखास वाढतो. फर्डिनांड कोन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये त्याला बॅसिलस सबटिलिस हे नाव दिले. जर्मन भाषेत त्याला गवताचा बॅसिलसच म्हणत. काढा उकळला तरी तो मरत नाही, बीजाणूच्या रूपाने तग धरतो, हे कोनने दाखवले. वनस्पतीच्या उरल्यासुरल्या भागावर जगणे हा त्याचा जन्मस्वभाव. १९६८ मध्ये जपानच्या अरिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, रक्त गोठू न देणारे द्रव्य शोधत असताना, याच जिवाणूच्या द्रावात एक विलक्षण पदार्थ सापडला. त्याला त्यांनी सर्फॅक्टिन म्हटले. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. सर्फॅक्टिनच्या अगदी अल्प मात्रेने तो २७ पर्यंत उतरतो. त्याआधी, १९४९ मध्ये, जार्विस आणि जॉन्सन यांनी स्यूडोमोनास एरुजिनोसा या दुसऱ्या जिवाणूपासून मिळणाऱ्या, शर्करा आणि मेदाम्ल यांच्या संयोगाने बनलेल्या द्रव्याचे वर्णन केले होते. त्या वर्गाला ऱ्हॅम्नोलिपिड म्हणतात.

जिवाणू हे द्रव्य आपल्यासाठी करीत नाही. तेलाचा थेंब त्याला खायचा असेल तर तो आधी फोडावा लागतो. ओलसर पृष्ठावर पसरायचे असेल तर पाण्याचा ताण कमी करावा लागतो. फेस हे त्याचे पोट भरण्याचे आणि पाय पसरण्याचे साधन आहे. आणि हे जिवाणू कुठे दूर नसतात. पुणे विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातले बी. ए. चोपडे आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये निरोगी माणसांच्या त्वचेवरून घेतलेल्या ॲसिनेटोबॅक्टर जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेल आणि पाणी यांचे मिश्रण टिकवणारी द्रव्ये ते जिवाणू बनवीत होते. ज्या अंगाला आपण शिकेकाई चोळत होतो, त्या अंगावरच हे दुसरे कारागीर बसलेले होते.

जिवाणूंकडून कारखान्याचे काम करून घेणे ही कल्पनाही जुनी आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडला दारूगोळ्यासाठी ॲसिटोन हवे होते. खाइम वाइत्समान यांनी मका आंबवून ते जिवाणूंकडून मिळवून दिले आणि १९१७ मध्ये तर त्यासाठी शाळेतल्या मुलांकरवी रानटी चेस्टनटची फळे गोळा केली गेली. आपल्या लोकांत या वृत्तीचे एक ठिकाण बडोदे. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १८९० मध्ये कलाभवन निघाले, १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांच्या उद्योगातून ॲलेम्बिकचा कारखाना उभा राहिला, आणि सयाजीरावांचे नाव धारण करणारे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. याच विद्यापीठात आर. एम. पटेल आणि ए. जे. देसाई यांनी उसाची मळी आणि स्टार्चच्या कारखान्यात मका भिजवून उरलेले पाणी एवढ्याच्या आधारावर स्यूडोमोनासकडून ऱ्हॅम्नोलिपिड तयार करून दाखवले. तो लेख १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बडोद्याच्याच इंडियन पेट्रोकेमिकल्सच्या संशोधन केंद्रातले जे. डी. देसाई यांनी इब्राहिम बनात यांच्यासह या विषयाचा जो विस्तृत आढावा लिहिला, तो पुढे जगभरच्या अभ्यासकांचा आधारग्रंथ झाला; आणि चंडीगढच्या संस्थेत मक्कर व कमोत्रा यांनी मळीवर बॅसिलस वाढवले.

मळीच का, हे उसाच्या पट्ट्यातल्या वाचकांस सांगायला नको. एक टन ऊस गाळला की साखरेखेरीज साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो मळी उरते. तिच्यात साखर भरपूर असते, पण ती स्फटिकरूपाने बाहेर काढणे परवडत नाही. मळी आंबवून मद्यार्क काढला की दर लिटरमागे दहा-पंधरा लिटर गडद तपकिरी, दुर्गंधी सांडपाणी उरते, ज्याला कारखान्यात स्पेंटवॉश म्हणतात. ओढ्यात गेले तर मासे मरतात, विहिरीत झिरपले तर पाणी नासते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे आपण जिला 'नीरी' म्हणतो तिथे, कीर्ती दुबे आणि आशा जुवारकर यांनी नेमके हेच पाणी घेतले. डिस्टिलरीच्या सांडपाण्यावर आणि दुग्धालयातल्या निवळीवर त्यांनी जिवाणू वाढवून सर्फॅक्टंट मिळवला, आणि त्या खटाटोपात सांडपाण्यातला प्रदूषणाचा भारही घटला. हे काम २००१ चे. २००७ मध्ये आसामातल्या तेजपूर विद्यापीठात दास आणि मुखर्जी यांनी बटाट्याच्या सालींवर बॅसिलस वाढवले. तमिळ देशी अण्णामलै विद्यापीठाच्या परंगिपेट्टै येथील केंद्रात भुईमुगाच्या पेंडीवर असेच प्रयोग झाले.

कृती ऐकायला सोपी आहे. टाकाऊ माल बारीक करावा, पाण्यात मिसळून उकळून निर्जंतुक करावा, निवडलेला जिवाणू विरजणासारखा घालावा, ठरावीक उष्णतेत हवा देत दोन-चार दिवस ठेवावे. मग जिवाणू वेगळे करून द्रावात आम्ल घातले की सर्फॅक्टंट साका धरून खाली बसतो. दही लावणाऱ्याला यातले काही अपरिचित वाटू नये. अडचण पुढे आहे. शुद्ध साखर खाऊ घातली तर माल महाग पडतो. उत्पादनखर्चात कच्च्या मालाचा वाटा दहा ते तीस टक्क्यांचा धरतात, म्हणूनच टाकाऊ मालाचा शोध. पण मोठा खर्च, सुमारे साठ टक्के, तयार द्रव्य वेगळे आणि शुद्ध करण्याचा. स्वस्त चारा घातला तर दूध स्वस्त, पण दुधातली काडीकचरा गाळणे महाग, असा हा व्यवहार आहे. शिवाय हवा फुंकली की सारे भांडेच फेसाने उतू जाते. ज्या गुणासाठी जिवाणू पाळला तोच गुण आड येतो. आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा दुबळ्या रुग्णाला जखमेतून आजारी पाडणारा आहे. त्याला कारखान्यात मोकळे ठेवता येत नाही.

तरीही ही गोष्ट प्रयोगशाळेतच अडकून राहिलेली नाही. इव्होनिक या जर्मन कंपनीने निरुपद्रवी स्यूडोमोनास पुटिडाकडून ऱ्हॅम्नोलिपिड बनवण्याचा मोठा कारखाना स्लोव्हाकियात उभारला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाल्याचे जाहीर केले. पण तिथल्या जिवाणूंच्या ताटात टाकाऊ माल नाही. मक्याची साखर आहे. कारखान्याला रोज तंतोतंत सारखा घास लागतो, आणि टाकाऊ माल तसा कधीच नसतो.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला थांबावेसे वाटते. 'टाकाऊ' ही वस्तूची जात नसून तिच्या काळाची आणि बाजाराची जात आहे. बेळगाव जिल्ह्यात उगार खुर्द येथे शिरगावकर बंधूंनी १९३९ मध्ये साखर कारखाना स्थापला, त्या काळातली मळी आणि आजची मळी एक नव्हे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण आले आणि मळी सोन्याच्या भावाची नसली तरी साखरेच्या पंक्तीला बसली. जिवाणूंना ती फुकट मिळण्याचे दिवस गेले. भुईमुगाची आणि करडईची पेंड अमरगोळच्या बाजारात 'कचरा' म्हणून कोणी विकणार नाही. ती गुरांचा घास आहे. पऱ्हाट्या आणि तुराट्या गरिबाच्या चुलीचे सरपण आहेत. प्रयोगशाळेच्या लेखात ज्याला टाकाऊ म्हटले जाते, त्याच्यावर कोणाचा तरी आधीच हक्क असतो, आणि तो हक्क बहुधा कागदावर नसतो.

म्हणून आपल्या परिसरात या विद्येचा विचार करायचा तर जे खरोखर कोणाचेच नाही, उलट सर्वांच्या अंगावर येते, तिथून करावा असे वाटते. डिस्टिलरीचे सांडपाणी, आमरसाच्या कारखान्यांतल्या साली, मंडईत संध्याकाळी सडत पडणारा भाजीपाला. नागपूरच्या प्रयोगाचे मोल याच अर्थाने अधिक, कारण त्याने घातक पदार्थ घेतला आणि तो कमी घातक करून परत दिला. १९८६ पासून धारवाडात कृषी विद्यापीठ आहे, त्याच्याही आधीपासून कर्नाटक विद्यापीठ आहे. आपल्या घरांतली मुले तिथे शिकतात आणि शिकवतात. हा विचार त्यांच्यापुढे ठेवण्यास हरकत नसावी.

आपल्या मंडळाच्या वयस्क सभासदांपुढे मात्र दुसरे एक काम आहे आणि ते फक्त त्यांनाच करता येईल. कोणत्या कपड्याला कोणते पाणी, रिठ्याचे किती वेळ भिजवणे, कोणत्या झाडाची राख घ्यावी आणि कोणत्या झाडाची घेऊ नये, शिकेकाईत काय काय मिसळत आणि का, या गोष्टी अजून काही घरांत सत्तरी-ऐंशीच्या बायकांना ठाऊक आहेत. त्यांतले निम्मे शब्द कन्नड असतील, निम्मे मराठी, आणि काही असे की जे पुण्याच्या कोशात नाहीत आणि धारवाडच्याही नाहीत. ते लिहून ठेवायला हवेत. शास्त्रज्ञांना त्यांतून उद्या काही सापडेल की नाही, हे मला सांगता येत नाही. पण दोन भाषांच्या उंबरठ्यावर दोनशे वर्षे राहिलेल्या आपल्या घरांचा एक खरा दस्तऐवज त्या वाटीत आहे. येत्या नरकचतुर्दशीला वाटी हातात घेणारी जी कोणी घरात असेल, तिच्याजवळ वही घेऊन बसावे, एवढीच विनंती.